पेवातली देवी आणि तुमचा पुरावा

सर,

तुमचा राग आलाय म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की शाळेतल्या नव्या शिक्षकांना तुम्ही कोण होतात ते सांगावं लागतं. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणायची. पण गेलेली माणसं मागं काही ना काही ठेवून जातात आणि त्याच्याशी भांडत बसायची पाळी मागच्यांवर येते. तुम्ही एक भाषण ठेवून गेलात. या दसऱ्याला ते गावाच्या देवळात पुन्हा उभं राहिलं, या खेपेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून, आणि त्यापायी देवी यंदा बुबूंच्या घरी जाणार की नाही असा प्रश्न पडला. या गावाला असा प्रश्न कधी पडला नव्हता. तो तुम्ही पाडलात.

ही चाल तुम्हाला ठाऊक होती, पण ती तुम्हाला कळली कधीच नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी गावच्या देवीचा पितळी मुखवटा देवळातून निघतो आणि पीरसाहेबाची दिवाबत्ती करणाऱ्या घरी जातो. त्या घराच्या अंगणात पेव आहे, जमिनीच्या पोटात खणलेलं, तोंडाला अरुंद आणि आत माणूस उभा राहील एवढं खोल. अशा पेवांत पूर्वी सगळं गाव ज्वारी साठवायचं. बाकीची कधीच बुजली, हे एक राखलंय. घरातली थोरली बाई, म्हणजे आता बुबू, देवीची ओटी भरते, तिच्यापुढं शेवया ठेवते आणि तिला पेवात उतरवते. मग घरटी एकेक मूठ पेरणीची ज्वारी येते आणि ती पार झाकून जाईपर्यंत तिच्यावर ओतली जाते. दिवसभर देवी धान्याखाली. गावातली पोरं ज्वारीच्या धाटांचे घोडे करून दारोदार फिरतात, म्हणजे ती फौज. प्रत्येक दारात ओरडतात, "देवी कुठं ठिवली?" आणि घरातल्यांनी म्हणायचं, "न्हाय म्हाईत." पाटलानं तेच म्हणायचं, पुजाऱ्यानंही तेच. दिवस कलला की तिला वर काढतात आणि अंगावरची ज्वारी जो तो मूठमूठ घरी नेऊन बियाण्यात मिसळतो. आता सोयाबीननं ज्वारीला हुसकावलंय, तरी जे पेरत नाहीत ते दुकानातून मूठभर आणतात. हे सगळं कशासाठी, तर कधीकाळी तुळजापूरच्या रोखानं एक फौज या वाटेनं आली, तेव्हा गावानं देवी त्या घरात लपवली आणि त्या घरानं ती सांभाळून परत दिली. म्हणून ते देवीचं माहेर. कुणाची फौज, कोणत्या साली, हे गाव सांगत नाही. फौज म्हणजे फौज, कुणाचीही असली तरी ती आधी ज्वारीच खाते.

मी नववीत होते. पुस्तकात युरोपातल्या धर्मयुद्धांवर दीड पान होतं, तुम्ही त्यावर अख्खा पावसाळा काढलात. अजून दिसतं मला. युरोपाचा नकाशा भिंतीवर टांगलाय, त्याची खालची पट्टी निसटलीय, ती तुम्ही गुडघ्यानं दाबून धरलीय आणि जर्मनीवर छडी ठेवून बोलताय. एकाच देवाची दोन तऱ्हांनी प्रार्थना करणारी माणसं तीस वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेली. आज एका पंथाची फौज गावात शिरते, उद्या दुसऱ्या पंथाची, आणि दोन्ही फौजा कणग्या सारख्याच रित्या करतात. घंटा वितळवून तोफा ओततील या भीतीनं गावकरी चर्चची घंटा शेतात पुरतात. एका गावात लढाई सरल्यावर धड चर्च एकच उरलं, तर दोन्ही पंथांनी ठरवलं, सकाळी तुमची प्रार्थना, ती झाली की आमची. आणि हॉलंडमध्ये एका व्यापाऱ्याचं घर, खालून साधं घर, पण जिना चढून माळ्यावर जावं तर तिथं अख्खं चर्च. शेजाऱ्यांना माहीत, कोतवालाला माहीत, सगळे गप्प. हे सांगताना तुमचा आवाज असा उतरायचा, की तुम्ही तो जिना स्वतः चढून आलाय असं वाटावं. "धर्म राजानं टिकवला नाही पोरांनो, शेजाऱ्यानं टिकवला," असं तुम्ही म्हणालात. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा त्या दिवशी चुळबुळ करायची विसरली होती.

आणि मी हात वर केला. "सर, आमच्या गावात बी हाय तसं." वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही हसला नाहीत. छडी टेबलावर ठेवलीत, मला उभं राहून सगळं सांगायला लावलंत आणि त्याच दिवशी शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर बुबूंच्या घरी आलात. येडशी ते तुळजापूर एवढ्या टापूत माझ्याइतकं ताठ मानेनं त्या दिवशी कुणी चाललं नसेल.

बुबूंचा स्वयंपाक तेव्हा चुलीवर व्हायचा. धूर डोळ्यांत जात होता तरी तुम्ही चुलीपाशीच बसलात, घोंगडी अंथरली होती तीही बाजूला सारलीत. बुबूंनी शेवया केल्या, वर दुधाची साय घातली आणि समोर बसून एकेक गोष्ट सांगितली, त्यांच्या सासूनं त्यांना सांगितली तशी. तुम्ही विचारलंत, "पण तुम्ही मुसलमान. तुम्हाला देवी पुजायला चालते?" बुबू हसल्या. "आमी तिला पुजत न्हाय मास्तर. लेकीला कोन पुजतंय? लेकीला जेवू घालायचं, चोळी-बांगडी करायची अन् दिवस बुडायच्या आत सासरी लावून द्यायचं." तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, सरांना कळलं. तुम्ही शेवया मागून घेतल्यात, आठवतंय का? निघताना बुबूंच्या नवऱ्यानं, चाचांनी, पेवाच्या तोंडावरची शिळा सरकवून तुम्हाला आत वाकून बघू दिलं. परक्या माणसाला ते असं कधी दाखवत नसत. मी चाचांना म्हटलं होतं, हे आपले सर हैत.

पुढचा सगळा हिवाळा तुम्ही त्या गोष्टीमागं लागलात. सुट्टी घेऊन कुठं कुठं जाऊन जुने कागद बघून आलात. पुजाऱ्याला विनवून मुखवटा हातात घेतलात आणि खिशातलं भिंग लावून उलटासुलटा पाहिलात. गावाला केवढा अभिमान. मास्तर आपल्या गावावर काम करतोय म्हणून कुणी दूध पाठवायचं, कुणी हुरडा. शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही बोलणार असं ठरलं तेव्हा बायकासुद्धा ऐकायला आल्या. बुबू नवं लुगडं नेसून आईशेजारी बसल्या होत्या.

तुम्ही काय बोललात ते मला पाठ आहे. फौजेची वाट कागदांत सापडते, ती इथून बरीच लांबून गेली. मुखवट्याच्या मागची घडण नवी आहे, फार तर चार पिढ्यांपूर्वीची, त्यामुळं त्या काळी हा मुखवटा नव्हताच. आणि फौजा गावात शिरल्या की पहिल्यांदा पेवंच शोधायच्या, तेव्हा देवी लपवायला पेव कोण निवडेल? म्हणून ही कथा मागाहून रचलेली आहे, गावानं ती इतिहास म्हणून सांगू नये. पाण्याचा घोट घेतलात आणि खाली बसलात. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. मग चाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, बरुबर आसंल तुमचं. पर पेव तर हाय का न्हाय?" लोक हसले, ताण सैल झाला, पोरांची नाटुकली सुरू झाली. बुबू मात्र हसल्या नाहीत. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि उठून गेल्या. जाताना आईला एवढंच म्हणाल्या, "माझ्या चुलीपशी बसून खाल्लं की गं त्यानं."

मला तेव्हा तुमचं चुकलं कुठं ते सांगता येत नव्हतं, नुसता जीव जळत होता. दुसऱ्या दिवशी तुमच्या तासाला मी विचारलं, "सर, त्या जर्मनीतल्या गावानं घंटा शेतात पुरली, त्याला पुरावा काय?" तुम्ही चष्मा काढलात. "उद्धटपणा करू नकोस. इतिहासाच्या तासाला भावना घरी ठेवून यायचं. बाहेर उभी राहा." मी तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी होते आणि आतून तुमचा तोच मऊ आवाज येत होता, फ्रान्समधल्या कुठल्याशा गावाबद्दल. त्या गावातल्या माणसांना तुम्ही कधी उलटतपासणीला उभं केलं नाहीत. तिथल्या म्हातारीनं काही सांगितलं की तुमचे डोळे भरून यायचे, आणि इथल्या म्हातारीनं सांगितलं की तुम्ही खिशातून भिंग काढायचात. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. तुम्हाला श्रद्धा आवडायची सर, फक्त ती समुद्रापलीकडची असावी लागायची.

आता मी स्वतः त्याच वर्गात तेच दीड पान शिकवते आणि तुमच्या मुद्द्यांना उत्तरं द्यायला शिकले आहे. तुम्ही ऐकायला नाही, हाच तर संताप आहे. मुखवटा झिजला की तो मोडून त्याच पितळेचा नवा घडवतात, जुनं पितळ टाकून देत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. घराघरातले देवांचे टाक असेच पुन्हापुन्हा घडवले जातात. तुम्ही कुणाला विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, पण तुम्ही पितळेला विचारलंत. दुसरं, ते पेव बुबूंच्या अंगणातल्या पीराच्या कबरीला लागून आहे. फौजेतल्या शिपायानं सगळं गाव खणलं असतं, तरी कबरीशेजारी कुदळ घालायला त्याचा हात धजला असता का? आणि कागदांचं म्हणाल, तर लपवणारा माणूस लिहून ठेवत नाही. हॉलंडमधल्या त्या माळ्यावरच्या चर्चच्या शेजाऱ्यांनी काय कोतवालाकडं लेखी दिलं होतं, की आम्ही गप्प बसलो म्हणून? लपवण्याचा पुरावा उरला, तर लपवणं फसलं असं समजायचं. एवढं साधं गणित तुमच्यासारख्या माणसाच्या ध्यानात येऊ नये, याचं मला अजून नवल वाटतं. फौजेची वाट लांबून गेली हे मात्र तुम्ही म्हणालात तसंच आहे. मीही शोधलं, सापडलं नाही. मोठी फौज लांबून जाते आणि तिच्यातली एखादी टोळी चाऱ्या-दाण्यासाठी इकडं वळते, असं झालं असेल, नसेलही. ठामपणे मला नाही सांगता यायचं.

मला शाळेत नोकरी लागली त्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात. जाताना ते भिंग माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "डोळे उघडे ठेव." मी पाया पडले. एवढ्या मायेनं दिलेली वस्तू फेकताही येत नाही, म्हणून कपाटात पडून आहे.

आता या वर्षीचं ऐका. गावात तरुणांचं मंडळ आहे. त्याचा अध्यक्ष माझा विद्यार्थी, इतिहासात हुशार, आणि तेच वाईट झालं. दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळानं देवळात बैठक बोलावली. सरपंच होते, पुजारी होते, म्हातारे खांबांना टेकून बसले होते. मंडळाच्या पोरांनी तेरखेड्याहून फटाक्यांची खोकी आणून आधीच कोपऱ्यात रचून ठेवली होती, म्हणजे काय ठरणार ते त्यांच्या मनानं ठरलेलं. बुबू आल्या होत्या. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली, गुडघे धरलेत, तरी काठी टेकत आल्या. नेहमी बायकांत येऊन बसतात, त्या दिवशी चपला काढतात त्या पायरीवरच बसल्या. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले तेव्हा अंगण सारवून झालं होतं, हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवल्या होत्या. नातू म्हणत होता, "बुबू, बैठकीला नको जाऊ, अपमान व्हईल."  त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "ह्या वर्सी येनार का गं लेक माझी?" 

अध्यक्ष उभा राहिला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, अगदी नीट बोलला. "आमचं बुबूंशी कायबी वाकडं न्हाय. त्या आमच्याबी बुबूच हैत. पर जे कधी घडलंच न्हाय, त्येच्यापायी आपली देवी दुसऱ्याच्या घरात का न्यायची? हे म्या न्हाय म्हनत. आपल्या सरांनी गॅदरिंगला पुराव्यानिशी सांगितलं व्हतं, माझा बाप समोर बसला व्हता. ज्वारीत ठिवायचंच आसंल तर देवळामागच्या शेडमदी ठिवू. स्टीलचं नवं पिंप आनलंय." स्टीलचं पिंप, सर. झाकणाचं. मग तो माझ्याकडं वळला. "बाई हितं बसल्यात. इतिहासाच्या हैत, सरांच्या हाताखाली शिकल्यात. बाई, तुमीच सांगा, सर बोलले ते खरं का खोटं?"

माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. पण ते कोलीत कुणी पेटवून ठेवलं होतं? तुम्ही काही त्यांच्यातले नव्हतात, हे मला माहीत आहे. तुम्हाला फक्त खरं बोलायचं होतं, त्याचं पुढं कोण काय करेल याची चौकशी तुम्ही केली नाहीत. त्या तीस वर्षांच्या लढाईबद्दल तुम्हीच सांगायचात, की ती सुरू करणाऱ्या सगळ्यांना आपणच खरं बोलतोय असं वाटत होतं. स्वतःला तुम्ही त्या वाक्यात कधी बसवून पाहिलं नाहीत. सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. मला उत्तर येत होतं. पितळ मोडून पुन्हा घडवतात ते सांगता आलं असतं, कबरीचं सांगता आलं असतं, पण एवढं सगळं ऐकून झाल्यावर त्या पोरानं मान तिरकी करून विचारलं असतं, "म्हंजी बाई, पुरावा हाय का न्हाय?" मीच शिकवलंय त्याला तसं विचारायला. आणि मला 'नाही' म्हणावं लागलं असतं. पायरीवर बुबू खाली मान घालून बसल्या होत्या.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर जायच्या आधी मी त्यांना भेटायला सोलापूरला गेले होते. त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, की मी त्या भाषणात चुकलो. गावाची गोष्ट मी नीट ऐकली नाही. देवीचं माहेर आहे ते आहे, ते मोडू देऊ नकोस, आणि गावाला माझ्या वतीनं सांग."  मग खांबाला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "मास्तर म्हनला आसंल तर मग इषयच मिटला." पुजाऱ्यानं मान डोलावली. अध्यक्ष माझ्याकडं बघत राहिला. पोरगं हुशार आहे, त्याला संशय आला असेल, पण तुमच्या शब्दाची ढाल त्यानंच पुढं केली होती, आता ती टाकून कशी देणार? "सरच म्हनले आसतील तर आमचं काय म्हननं न्हाय," म्हणाला आणि बसला. सरपंचांनी लगेच वर्गणीचा विषय काढला.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. मी सोलापूरला आले होते हे मात्र खरं. मुलाच्या फ्लॅटमध्ये तुमची कॉट खिडकीपाशी होती, हात सुकून काडी झाले होते. मी मुद्दाम गावातून पेवातली मूठभर ज्वारी पुडीत बांधून आणली होती आणि तुमच्या उशाशी ठेवली होती. म्हटलं, बघून काही तरी बोलतील. तुम्ही पुडी सोडून पाहिलीत, दाणे बोटांनी चाळवलेत आणि विचारलंत, "दहावीचा निकाल कसा लागला?" मी निकाल सांगितला. मग तुम्ही नव्या अभ्यासक्रमाला नावं ठेवलीत. मी चहा संपवला, तरी बसून राहिले, सूनबाई दोनदा डोकावून गेल्या तरी बसून राहिले. एवढं एक वाक्य ऐकायला मी एसटीनं एवढ्या लांब आले होते. तुम्हाला झोप लागली आणि मी उठले. म्हणून परवा देवळात जे बोलले ते मी तुमच्या तोंडी घातलं, तुम्ही द्यायचं राहिलेलं मीच घेतलं. याबद्दल मी माफी मागणार नाही. मला ते सुचायलाही वेळ लागला नाही, इतकी वर्षं ते वाक्य तुमच्या आवाजात मी मनात म्हणत आले होते.

मंगळवारी देवी गेली. हलगी वाजली, फटाके वाजले, स्टीलचं पिंप शेडमध्ये कुलपात राहिलं. अध्यक्ष आला नाही, पण त्याची आई आली आणि तिनं दोन मुठी टाकल्या, एक स्वतःची आणि, न बोलता, एक लेकाची. पोरांची फौज दिवसभर गावभर धुरळा उडवत होती. माझ्या दारातही आली आणि मीही म्हटलं, न्हाय म्हाईत. जर्मनीतल्या त्या गावानं घंटा पुरल्यावर शिपायांनी विचारलं असेल, तेव्हा तिथली एखादी शिकलेली बाईही असंच काही म्हणाली असेल का, तुमच्यासारखंच गंभीर तोंड करून? तुम्ही असतात तर मी तुम्हाला हे विचारलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, पुरावा नाही.

दुपारी मी बुबूंच्या घरी गेले. त्या पेवापाशी पाय पसरून बसल्या होत्या, शेवयांचं पातेलं शेजारी. बायका जेवून गेल्या होत्या. त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "मास्तर खरंच आसं म्हनला? तोंडानं म्हनला?" देवळात खोटं बोलले ते गावाशी बोलले, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण ही बाई माझ्या डोळ्यांत बघत होती. मी म्हटलं, "हो बुबू. तोंडानं म्हणाले." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मला वाटतच व्हतं. माझ्या चुलीपशी बसून मागून खाल्ल्याला मानूस, आसा कसा वाईट आसंल? अन् म्या हितकी वर्सं त्येच्या नावानं बोटं मोडली. या अल्ला." मग पदर सावरला, दोन्ही तळवे वर केले आणि तुमच्यासाठी दुआ मागायला लागल्या. तुमच्या जिवाला शांती मिळो, तुमच्या लेकराबाळांचं भलं होवो. कितीतरी वेळ ओठ हलत होते.

सर, तुम्हाला माफी मिळाली. फुकट, न मागता, न म्हटलेल्या एका वाक्यावर. त्या बाईनं इतकी वर्षं जपलेला राग माझ्यादेखत टाकून दिला आणि मला तिला थांबवता येईना, कारण थांबवायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. माझा राग मात्र कुणी घेतला नाही. तो आहे तसाच आहे, आणि आता तो कुणाजवळ बोलायचीही सोय उरली नाही, कारण गावाच्या लेखी तुम्ही आता चुकीची कबुली देऊन गेलेले चांगले मास्तर आहात. पुढच्या वर्षी पोरांना गोष्ट सांगताना लोक तुम्हालाही तिच्यात घालतील. मी ते खोडून काढणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. फक्त एक आहे, ते तुम्हाला सांगून टाकते. बुबू दुआ मागत होत्या तेव्हा मी हात मांडीवर घट्ट आवळून बसले होते. मग आवळलेले राहिले नाहीत. त्यांच्याशेजारी बसून मीही तळवे वर केले.